वर्डमध्ये भाडेकरार दर वेळी जुन्या फाइलमधून कॉपी करावा लागतो. ठरलेली कलमं साठवून नमुना कसा करायचा?

जुनी फाइल कॉपी करणं आधी थांबवा. मागच्या भाडेकरूचं नाव एखाद्या कलमात तसंच राहतं आणि ते नोंदणीच्या वेळी लक्षात येतं.

कोरी फाइल 'वर्ड टेम्प्लेट' (.dotx) म्हणून सेव्ह करा. त्यात एक कलम लिहा, सिलेक्ट करा आणि ऑल्ट+एफ३ दाबा. नाव छोटं आणि वेगळं द्या, उदाहरणार्थ 'अनामत'. 'सेव्ह इन'मध्ये मात्र याच टेम्प्लेटचं नाव निवडा. बहुतेकांची गाडी इथेच अडते: कलमं नॉर्मल टेम्प्लेटमध्ये (वर्डच्या स्वतःच्या नेहमीच्या नमुन्यात) गेली, तर ती तुमच्याच संगणकावर राहतात आणि सहकाऱ्याला फाइल दिली तरी त्याला मिळत नाहीत. शेवटी टेम्प्लेटही सेव्ह करा. पुढे करारात 'अनामत' टाइप करून एफ३ दाबलं, की पूर्ण कलम येतं.

सिलेक्ट करताना परिच्छेदाच्या शेवटची खूणही घ्या, नाहीतर क्रमांक आणि समास सुटतात. 'कलम ५ पाहा' हातानं लिहू नका, क्रॉस-रेफरन्स (कलमाचा क्रमांक दाखवणारा दुवा) घाला. कलमं वरखाली झाली की कंट्रोल+ए, मग एफ९ दाबा, म्हणजे हे क्रमांक बदलून येतात.

नाव, पत्ता अशा जागी 'डेव्हलपर' टॅबमधले कंटेंट कंट्रोल (माहिती भरायच्या चौकटी) ठेवा.

टेम्प्लेटवर डबल-क्लिक केलं की नवी फाइल उघडते. मूळ नमुना बदलायचा तर राइट-क्लिक करून 'ओपन'. कलम बदललं तरी आधी केलेले करार आपोआप बदलत नाहीत. ते हातानंच दुरुस्त करावे लागतात.