लाईटनेच लाईट ऑन-ऑफ करता येतो का? आणि इतक्या फास्ट गोष्टी मोजतात कशा?

हो, येतो. पण मधात मटेरियल पाहिजे, कारण दोन टॉर्चचे झोत एकमेकांवर सोडले तर ते सरळ आरपार निघून जातात. मी नागपूरलाच एमएस्सी फिजिक्स केलं, तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काचेवर खूप तीव्र लेझर पडला की तिचा अपवर्तनांक (आतून जाताना लाईट किती मंदावतो ते सांगणारा आकडा) बदलतो, याला केर इफेक्ट म्हणतात (जॉन केरने १८७५ मध्ये हे विजेच्या फील्डने दाखवलं होतं, आता लेझर तेच काम करतो). अपवर्तनांक बदलला की दुसरा झोत किती आरपार जातो आणि किती परत फिरतो तेही बदलतं, तेच आपलं ऑन-ऑफ. बदल होतो तात्काळ आणि पल्स (लेझरचा क्षणभराचा झोत) गेली की संपतोही तात्काळ, पण प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० गिगावॅट टाकले तरी फरक दशांशाच्या पाचव्या घरात पडतो, एवढ्याशाने काय होणार. सिलिकॉनमध्ये उलटं, लाईटने मोकळे इलेक्ट्रॉन तयार होतात, बदल मोठा मिळतो पण ते इलेक्ट्रॉन नॅनोसेकंदभर (सेकंदाचा अब्जावा भाग) रेंगाळतात, म्हणजे आपल्याकडचे सिमेंट रोड मे महिन्यात रात्री दहालाही गरमच असतात ना, तसं. लवकर तापणं सोपं आहे हो, लवकर थंड होणं कठीण, खरी अडचण तिथेच आहे.

म्हणून मला इंडियम टिन ऑक्साइड फार आवडतं, तेच जे मोबाईलच्या टचस्क्रीनमध्ये असतं. लेझरने त्यातले इलेक्ट्रॉन तापतात आणि लगेच आपली उष्णता अणूंच्या जाळीला देऊन मोकळे होतात. २०१६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइड यांच्या ग्रुपने त्याच्या अपवर्तनांकात ०.७२ चा बदल मिळवला, आणि तो ३६० फेमटोसेकंदांत (नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक फेमटोसेकंद) मावळलाही! २०२३ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजवाल्यांनी याच मटेरियलची पातळ फिल्म लागोपाठ दोनदा ऑन-ऑफ केली, म्हणजे दोन फटींतून लाईट सोडला की पडद्यावर पट्टे उमटतात ना, तशाच पण जागेत नाही तर वेळेत दोन फटी पाडल्या, आणि लाईटच्या रंगांमध्येच पट्टे उमटले.

आता मोजणं. एवढं फास्ट घड्याळ कोणत्याच सर्किटचं नाही, म्हणून एका पल्सचे दोन भाग करतात, एक मटेरियलला धक्का देतो आणि दुसरा मागून येऊन काय झालं ते बघतो. मागच्याला उशीर करायला त्याच्या वाटेतला आरसा सरकवतात, दीड मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मागे नेला की जाऊन-येऊन तीन मायक्रॉन वाढतात, म्हणजे १० फेमटोसेकंद. आपला केस जाडीला साधारण ७० मायक्रॉन असतो, तो ओलांडायलाच लाईटला २०० च्या वर फेमटोसेकंद लागतात, यावरून अंदाज घ्या.