वैद्याकडे जाणारी खबर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या पणजोबांच्या कागदांत १९२६ सालच्या काही मोडी पत्रांच्या नकला मिळाल्या. त्या जाणत्या गृहस्थांकडून वाचून घेतल्या, तेव्हा कळले की पणजोबांनी आपल्या धाकट्या भावाच्या तापाची हकिकत बेळगावच्या डॉक्टरांना वेळोवेळी लिहून कळवली होती. प्रत्येक पत्राच्या आरंभी ‘दिवस अकरावा’, ‘दिवस अठरावा’ असा उल्लेख आहे. पुढे जीभ कशी आहे, घाम कुठे आला, पोट फुगले आहे का, रात्री बरळला का, असे सारे आहे. पण ‘बरे वाटते’ किंवा ‘औषध लागू पडले’ हे कुठेही नाही. डॉक्टरांना एवढ्या तपशिलाचा उपयोग काय? — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : उपयोग होता, आणि ‘बरे वाटते’ या शब्दांचा नव्हता. रोग्याच्या शरीरात काय चालले आहे हे आज डॉक्टरांना रक्ताच्या तपासणीतून आणि शरीराच्या आतील छायाचित्रांतून कळते. शंभर वर्षांपूर्वी खानापूरच्या एखाद्या खेड्यातील रोग्याबाबत ही माहिती देणारा माणूस एकच होता, तो म्हणजे त्याच्या उशाशी बसलेला नातेवाईक. डॉक्टर किंवा वैद्य एकदा येऊन नाडी, जीभ, पोट पाहून जात. त्यानंतरचा सारा उपचार या नातेवाइकाच्या डोळ्यांवर चाले.

तुमच्या नकलांतील वर्णनावरून तो आजार मुदतीचा ताप, म्हणजे आपण ज्याला टायफॉइड म्हणतो तो, असावा असे वाटते. या तापावर नेमके औषध १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉलच्या रूपाने हाती आले. त्यापूर्वी रोग आपली तीन-चार आठवड्यांची मुदत पुरी करीत असे, आणि डॉक्टरांचे काम रोग्याला त्या मुदतीतून सांभाळून पलीकडे नेण्याचे असे. म्हणून दिवसाचा आकडा हा पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द. पहिल्या आठवड्यात ताप पायऱ्या चढल्यासारखा रोज थोडा वर जातो, दुसऱ्यात तो वरच ठाण मांडून बसतो, आणि तिसऱ्यात आतड्यातील व्रणांतून रक्तस्राव होण्याची किंवा आतड्याला छिद्र पडण्याची भीती असते. अठराव्या दिवशी अंग एकाएकी गार पडले, नाडी मात्र जलद झाली आणि पोट दुखू लागले, तर ती आनंदाची नव्हे, धावपळ करण्याची बातमी असे. त्या दिवशी घरच्या माणसाने भाबडेपणाने ‘ताप उतरला, आता बरे आहे’ एवढेच कळवले असते, तर डॉक्टर निर्धास्त राहिले असते आणि रोगी हातचा गेला असता. उलट फुफ्फुसाच्या दाहात, ज्याला पुढे सगळेच निमोनिया म्हणू लागले, सातव्या ते नवव्या दिवसाच्या सुमारास दरदरून घाम येऊन ताप झपाट्याने उतरणे हे रोगी वाचल्याचे लक्षण मानले जाई. ‘ताप उतरला’ ही एकच बातमी एका रोगात दिलासा देणारी आणि दुसऱ्यात धोक्याची ठरते. तिचा अर्थ दिवस, घाम, नाडी आणि पोट यांच्या जोडीनेच लागतो. तुमच्या पणजोबांना हे कोणीतरी बजावून सांगितले असले पाहिजे, किंवा ते स्वतः फार सावध गृहस्थ असले पाहिजेत.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील दाट जंगलात हिवताप घरोघरी असे, आणि तेथे दिवसापेक्षा वेळेला महत्त्व होते. थंडी वाजून ताप भरणे, अंग भाजणे आणि घाम सुटणे हा क्रम एका जातीच्या हिवतापात दर ४८ तासांनी आणि दुसऱ्या जातीत दर ७२ तासांनी फिरून येतो. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे क्विनाईन ताप नसलेल्या मधल्या अवधीत, पुढची पाळी येण्यापूर्वी देत असत. तेव्हा थंडी कोणत्या प्रहरी भरली हे नातेवाइकाने नीट सांगितले, तरच औषधाची वेळ ठरवता येई. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, मात्र पत्र लिहायला सवडच नसे. माणूस धावत जाई, आणि वैद्य त्याला सर्वप्रथम लघवी झाली का हे विचारीत, कारण थांबलेली लघवी पुन्हा सुटणे हे त्या रोगात आशेचे मोठे चिन्ह होते.

आणखी एक गोष्ट या पत्रांमागे आहे, ती अंतराची. मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते, आणि त्या डोंगराळ पट्ट्यातील पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना आषाढात ओढे-नाले ओलांडून तालुक्याला येणे म्हणजे काय ते सांगायला नको. लोंढ्याकडे जाणारी रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली आणि खानापूरच्या लोकांना बेळगाव जवळ आले, तरी स्थानकापर्यंत पोहोचण्यास बैलगाडी किंवा पायच. पोस्टकार्ड हिंदुस्थानात १८७९ साली पाव आण्याला मिळू लागले, त्यामुळे लिहिणे स्वस्त झाले. मात्र उघड्या कार्डावर घरच्या माणसाच्या शौच-लघवीची हकिकत लिहिणे सर्वांना प्रशस्त वाटले नसेल, कारण गावातील टपाल वाटणारा माणूस वाचता येणारा असे! पत्र पोहोचेपर्यंत त्यातील बातमी शिळी झालेली असे आणि उत्तर येईपर्यंत आणखी शिळी. अशा स्थितीत शहाणा वैद्य एक आज्ञा न देता अटींसह सांगत असे : जीभ ओली झाली तर पेज सुरू करा, कोरडीच राहिली तर मुगाच्या कढणावर ठेवा, पोट फुगले तर काही देऊ नका आणि माणूस पाठवा. तुमच्याकडे फक्त जाणाऱ्या पत्रांच्या नकला आहेत. डॉक्टरांची उत्तरे सापडली तर त्यांत ‘तर’ हा शब्द किती वेळा येतो ते अवश्य पाहावे.

रोगी स्त्री असली तर ही साखळी फार लांब होई. सुनेचे दुखणे सासूला, सासूकडून सासऱ्याला आणि त्यांच्याकडून डॉक्टरांना कळे, आणि प्रत्येक टप्प्यावर संकोचाने काहीतरी गळत असे. तुमच्या पत्रांतील रोगी पुरुष आहे, म्हणूनही ती इतकी मोकळी असू शकतील.

प्रश्न : माझी आजी सांगत असे की वैद्याला बोलवायला किंवा रोग्याची हकिकत सांगायला जाणाऱ्याने ओल्या कपड्यांनी जाऊ नये, हातात दोरी किंवा काठी घेऊ नये, बोलताना गवताची काडी मोडू नये. ही नुसती अंधश्रद्धा म्हणायची का? — एक वाचिका, निपाणी

उत्तर : आजींचे म्हणणे त्यांच्या पदरचे नव्हते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्याकडे येणाऱ्या दूतावरून रोग्याचे भवितव्य सांगण्याचा विचार आहे, आणि ओली, फाटकी वा मळकी वस्त्रे, हातातील पाश आणि दंड, कठोर बोलणे, काड्या मोडणे ही सारी अशुभ दूताची लक्षणे तेथे दिलेली आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही दूतासाठी स्वतंत्र अध्याय आहे. दूताच्या कपड्यांवरून रोगी जगेल की मरेल हे कळते, ही समजूत टाकून देण्याजोगीच आहे, आणि तिच्यामुळे एखाद्या गरीब, भिजलेल्या, घाबरलेल्या माणसाला दारातून परत पाठवले गेले असेल तर त्यासारखे वाईट काही नाही.

मात्र सुश्रुताने तेथेच चांगल्या दूताचे जे वर्णन केले आहे, त्यात बैलगाडीने किंवा पायी आलेला असण्याबरोबर स्मरण पक्के असणे, विधी आणि काळ जाणणे, आपल्या बुद्धीने चालणे आणि प्रसंगावधान असणे हेही गुण आहेत. येथे शकुन नाही, कामाची गोष्ट आहे. चरकाने उपचाराचे चार पाय मानले : वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. रोग्याच्या चार गुणांत, आठवण, आज्ञापालन आणि निर्भयपणा यांच्या जोडीला, आपला रोग नीट सांगता येणे हाही गुण धरला आहे. आणि रोगी शुद्धीवर नसेल तेव्हा हे काम दूताच्या गळ्यात पडे. आपल्या भागात तर त्याला आणखी एक अडचण असे : घर मराठी, वैद्य कानडी, किंवा उलट. चिकोडी-हुक्केरीकडे दोन्ही भाषा येणारा शेजारी दूत म्हणून पाठवणे हे त्यामुळे कपड्यांच्या रंगापेक्षा कितीतरी शहाणपणाचे होते.

प्रश्न : जुन्या नोंदवहीत आमच्या काकांचा ताप रोज दोनदा लिहिला आहे, पण ‘साधे अंग ९८.४’ असे टिपले आहे. आम्ही तर ९८.६ शिकलो. चूक कोणाची? — एक वाचक, बेळगाव शहर

उत्तर : चूक कोणाचीच नाही. ब्रिटिश पद्धतीच्या तापमापीवर साध्या तापमानाची खूण ९८.४ अंश फॅरनहाइटवर असे, आणि आपल्याकडे येणारी उपकरणे त्याच पद्धतीची होती. खिशात मावणारी आखूड तापमापी क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरने १८६६-६७ च्या सुमारास तयार केली. तिच्यापूर्वीची एक फूट लांबीची असे आणि तिला सुमारे वीस मिनिटे लागत, त्यामुळे ती रोग्याच्या घरी कोणी ठेवीत नसे. नोंदवही वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. सकाळ-संध्याकाळचा फरक खरा आहे का, की तापमापी झटकली नसल्याने रात्रीचाच आकडा सकाळी पुन्हा उतरला आहे, हे सलग सारखे आकडे पाहून ओळखता येते. दुसरे म्हणजे तापमापी तोंडात धरली होती की काखेत. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंशाने कमी येतो, तेव्हा ‘काखेत’ असे लिहिले असेल तर प्रत्येक नोंदीत तेवढी भर घालून वाचावे.