सोसायटीच्या पूलसाठी अंबू बॅग (मास्क लावून हाताने दाबत श्वास देण्याची पिशवी) घेतली आहे. एकट्या माणसाला वापरता येईल का?

शिकलेला नसेल तर नाही. घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत पूलपाशी बऱ्याचदा एकटा लाइफगार्डच असतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून स्पष्ट सांगते. मी ठाण्यातच एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत काम करते. आमच्याकडे नव्या मुलांना बॅग दाबणं लगेच जमतं, मास्क धरणं जमत नाही. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर. हाडाखालच्या मऊ भागावर दाबलं तर जीभ वर ढकलली जाऊन हवेचा रस्ता आणखी बंद होतो. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो, जबडा उचलून मास्कला भिडवायचा असतो. हे सगळं एका हाताने करायचं म्हटलं की कडेने हवा फुस्स होते आणि छाती हलतच नाही. दोघं असतील तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, आणि छाती दाबणाऱ्यानेच 30 दाबांनंतर बॅग दोनदा दाबावी.

एकट्यासाठी पॉकेट मास्क घ्या. स्वस्त असतो, दोन्ही हातांनी धरता येतो, आणि फुंकायचं तोंडाने. आपल्या उच्छ्वासातही 16-17 टक्के ऑक्सिजन असतो, तेवढा पुरतो.

बुडालेल्याला श्वास आधी द्यायचा, हे मात्र विसरू नका. हार्ट अटॅकने कोसळलेल्याच्या रक्तात थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो, त्यामुळे नुसती छाती दाबूनही काही वेळ निभावतं. बुडालेल्याचं हृदय थांबतं तेच ऑक्सिजन संपल्यामुळे. डोकं मागे, हनुवटी वर, आणि सुरुवातीचे श्वास: अमेरिकन पद्धतीत 2, युरोपियन पद्धतीत 5. कुठलीही धरा, पण सगळ्यांना एकच शिकवा. मग 30 दाब, 2 श्वास. उथळ बाजूला सूर मारलेला असेल तर मानेला मार लागलेला असू शकतो, म्हणून मान न वळवता जबडाच पुढे उचलायचा. तरीही हवा जात नसेल तर डोकं मागे करावंच लागतं.

पोट दाबून पाणी काढायला जाऊ नका. उपवन तलाव असो की खारघरचा धबधबा, लोकांचा हात आधी पोटावरच जातो. त्याने उलटी होते, ती फुफ्फुसात जाते आणि वेळ जातो तो वेगळाच. तोंडाला फेस आला तर पुसत बसू नका, तो येतच राहतो.

आणि जोर नको. मोठ्यांची बॅग पूर्ण पिळली तर गरजेच्या जवळपास दुप्पट हवा जाते. लागते 500-600 मिली, एका सेकंदात, छाती जेमतेम उचलेल इतकी. जास्तीची हवा पोटात शिरते. शिवाय छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. म्हणून आम्हीसुद्धा श्वासनलिकेत नळी घातल्यावर सहा सेकंदांतून एकच श्वास देतो.

लहान मुलांचा मास्क वेगळा ठेवा. 108 ला फोन केला की एक जण गेटवर पाठवा. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये पूल कुठल्या टॉवरपाशी आहे हे शोधण्यात ॲम्ब्युलन्सचा वेळ जातो.