गुरुजींचा चेहरा, मुलांच्या नावांतून

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी निवृत्त होत आहेत. विद्यार्थ्यांच्या नावांतून त्यांचा चेहरा उमटेल असा 3 बाय 4 फुटांचा फ्लेक्स करायचा आहे. फोटोची अक्षरं करून देणारी एक वेबसाइट वापरली, तर काना-मात्रा सुटून पडल्या, चेहराही लांबट झाला. साइटने दिलेली एसव्हीजी (रेषांच्या चित्राची) फाइल यवतमाळला दुकानात नेली, तिथे नुसते चौकोन दिसले. काय करावं?
— एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : अशा साइट फोटोच्या एकेका ठिपक्याजागी एकेक अक्षर बसवतात. इंग्रजीत ते जमतं. पण ‘क्षी’ म्हणजे संगणकाच्या लेखी चार तुकडे, ते चार जागी जातात. अक्षराची चौकट रुंदीपेक्षा उंच, म्हणून चेहरा ताणला गेला. चौकोन आले, कारण तुमचा फॉन्ट दुकानातल्या संगणकावर नव्हता.

मराठीसाठी अक्षरांनी फोटो रचू नका, फोटोवर अक्षरांची जाळी टाका. त्यासाठी इंकस्केप हे संगणकावर चित्रं करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एकदा उतरवलं की नेटही लागत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर तो दबून येतो. फोटोचं रेषांच्या चित्रात रूपांतर करणाऱ्या ‘ट्रेस बिटमॅप’मध्ये ‘ब्राइटनेस स्टेप्स’ निवडून 6 छटा घ्या आणि मूळ फोटो काढून टाका. त्यावर मुक्ता फॉन्टच्या ठळक वजनात नावं सलग भरा, शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा. नावं श्रीलिपीत (टायपिंगच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये) टाइप केलेली असतील तर आधी युनिकोडमध्ये बदला. मग नावांवर क्रमाने ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, ‘अनग्रुप’, ‘युनियन’ हे आदेश द्या. अक्षरांचे आकार झाले, आता फॉन्टची गरज उरली नाही. अक्षरं वर ठेवून ती आणि खालचं चित्र दोन्ही निवडा आणि ‘सेट क्लिप’ द्या, म्हणजे चित्र फक्त अक्षरांच्या आत दिसेल. युनियनला जुन्या संगणकावर बराच वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

खरी फसगत पुढे आहे. अक्षरांमधली जागा कोरी राहते, त्यामुळे सगळं चित्र फिकं पडतं, आणि गुरुजींचा पांढरा सदरा व टोपी तर पांढऱ्या फ्लेक्सवर दिसतच नाहीत. म्हणून सर्वांत उजळ छटेला 30 टक्के करडा रंग द्या, बाकीच्या त्याच प्रमाणात गडद करा. चेहऱ्यावर अक्षरं 8 मिमी, सदऱ्यावर 15 मिमी ठेवा. प्रत्येक नाव सदऱ्यावर एकदा तरी पूर्ण यायलाच हवं. आलेला प्रत्येक जण आधी आपलं नाव शोधणार, तेव्हा शुद्धलेखन हजेरीपटावरून तपासा.

दुकानात पीडीएफ द्या. पूर्ण छपाईआधी डोळ्यांच्या भागाची फूटभर पट्टी मूळ आकारात काढून 10 फुटांवरून बघा. डोळे ओळखू येत नसतील तर चेहऱ्यावरची अक्षरं 6 मिमीवर आणा.