पाटण तालुक्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर ‘एनक्वास प्रमाणित’ असा फलक लागलाय. म्हणजे नेमकं काय?

सरकारी दवाखान्यांसाठीच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या परीक्षेत केंद्र पास झालं. परीक्षक नुसती रजिस्टरं चाळत नाहीत. सिस्टरांना हात कसे धुता ते करून दाखवायला लावतात, रुग्णांशी बोलतात, पिवळ्या-लाल पिशव्यांत कोणता कचरा पडलाय तेही बघतात. किमान ७० टक्के गुण लागतात. प्रमाणपत्र ३ वर्षांचंच असतं, तेव्हा आधी त्यावरची तारीख बघा!

किती लोकांमागे केंद्र, डॉक्टर किती, हे ठरवणारी मानकं वेगळी, आयपीएचएस. त्यांत सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक केंद्र, डोंगरी भागात २०,०००. आता कोयनेकाठच्या वाडीतून चालत येणाऱ्याला माणसांपेक्षा अंतर मोजलेलं बरं वाटलं असतं, ते सोडा.