चार्ल्स्टनमध्ये दोन दिवस : खायचं कुठे आणि काय

साऊथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला कुठे खायचं असं विचारलंत, तुमचा बेत असा : थंडीत जाणार, रॅलेहून शुक्रवारी रात्री पोचणार, रविवारी दुपारी जेवून परत, सोबत आईबाबा (आई शाकाहारी, बाबा मासे म्हटलं की तयार), सहा वर्षांची मुलगी, आणि रील्स बघून काढलेली चौदा रेस्टॉरंटची यादी. चौदा! अहो जेवणं मोजलीत का? नाश्ते धरून पाच होतात.

आम्ही शार्लटला राहतो, तिथून साडेतीन तास, त्यामुळे इंडियातून कोणीही आलं की चार्ल्स्टनची फेरी ठरलेलीच. तेव्हा यादीला आधी कात्री लावतो. होमिनी ग्रिल २०१९ लाच बंद झालं, मार्था लू'ज किचन २०२० ला, तरी जुन्या लेखांमधून ही नावं फिरत असतात. फिग (२००३ पासून) आणि हस्क (२०१० पासून) दोन्ही चांगली आहेत पण ती नवराबायकोने निवांत जाऊन, आधी बुकिंग करून खायची ठिकाणं, मूल टेबलाखाली आणि आई "मला नुसता ब्रेड चालेल" म्हणतायत अशा अवस्थेत तेवढे पैसे घालवू नका. रॉडनी स्कॉटचं अख्ख्या डुकराचं बार्बेक्यू खरंच भारी आहे, २०१८ ला त्याला जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतला खाण्याच्या क्षेत्रातला मानाचा पुरस्कारही मिळाला, पण तुमच्यात खाणार कोण ते मला दिसत नाहीये.

आता मुद्द्याचं. तिथलं खाणं आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही. भात, कोळंबी, चिंबोरी, कालवं, भेंडी, चवळी, तीळ, शेंगा. कोकणातल्या माणसाला अजून काय पाहिजे? हे सगळं तिथे आलं कसं याची गोष्ट मात्र वाईट आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या भात पिकवणाऱ्या मुलखातून माणसं गुलाम करून आणली आणि त्यांच्याकडून खाजणाच्या, दलदलीच्या जमिनीवर भातशेती करून घेतली, चार्ल्स्टनची ती रंगीत टोलेजंग घरं त्या तांदळाच्या पैशावर उभी आहेत. भेंडी, चवळी, तीळ हेही त्याच वाटेने आलं. तिळाला तिथे अजून 'बेने' म्हणतात, तो आफ्रिकन शब्द आहे. त्या लोकांच्या वंशजांना गला गीची म्हणतात आणि चार्ल्स्टनचं जे काही स्वतःचं जेवण आहे ते मुळात त्यांच्या हातचं.

म्हणून शनिवारी सकाळी गॅड्सडेन्स व्हार्फवरचं इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम बघा (२०२३ ला उघडलं, तिकीट आधी काढा), ते ज्या धक्क्यावर आहे तिथेच गुलाम करून आणलेल्या माणसांची जहाजं लागायची. आणि मग दुपारी ब्लेक स्ट्रीटवरच्या हॅनिबल्स किचनला जा. साधी खानावळ आहे, सजावट वगैरे शून्य. बाबांना क्रॅब राइस, म्हणजे खेकड्याचं मांस घालून परतलेला भात. माझे सासरे मूळचे वेंगुर्ल्याचे, कोणाच्या हातचं चांगलं म्हणायची सवय नाही, ते पहिला घास खाऊन गप्प बसले आणि मग म्हणाले "नारळ असता तर." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट त्यांनी सासूबाईंनाही दिलेलं नाही.

आईंचं जरा सांभाळून. मी एकदा एका ठिकाणी (नाव नको) सासूबाईंसाठी कॉलर्ड ग्रीन्स मागवले, पालेभाजीच ती, मस्त शिजलेली, त्यांनी अर्धी वाटी संपवली आणि तळाशी हाड निघालं. तिथे पाला, चवळी, लिमा बीन्स, रेड राइस (टोमॅटोतला भात), भेंडीचं सूप हे सगळं बहुतेक वेळा डुकराच्या मांसाच्या तुकड्यावरच शिजवतात, आणि वाढणाऱ्या बाईच्या लेखी ती भाजीच असते, ती खोटं बोलत नसते. त्यामुळे "व्हेजिटेरियन आहे का" असं मोघम विचारू नका, हॅम, बेकन, लार्ड (डुकराची चरबी), चिकन स्टॉक अशी एकेक नावं घेऊन विचारा. बऱ्यापैकी भरवशाचं म्हणजे फ्राइड ग्रीन टोमॅटो, पिमेंटो चीज (लाल मिरची घातलेलं, ब्रेडला लावायचं चीज), मॅक अँड चीज (हे तिथे भाज्यांच्या यादीत असतं, मुलीला सांगा, खूश होईल), आणि ग्रिट्स. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, साध्या लोणी घातलेल्या मिळाल्या तर आई नक्की खातील, वरून लोणचं घरून न्या. पण त्यासुद्धा कधी स्टॉकमध्ये शिजवतात, सो परत तोच प्रश्न. आणि हॉटेल मायक्रोवेव्हवालं घ्या, दहीभाताला पर्याय नाही.

बाबांना कोळंबी घातलेल्या ग्रिट्स हव्यात, तो मुळात किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा नाश्ता, आता डिनरला ऐटीत वाढतात. शी-क्रॅब सूप हवं असेल तर एक कप घेऊन वाटून प्या, मादी चिंबोरीची गाबोळी, भरपूर क्रीम आणि शेरी असते त्यात, बाऊलभर प्यायलं की पुढचं जेवण गेलं.

शनिवारी संध्याकाळी बोवेन्स आयलंड, खाडीकाठचं रेस्टॉरंट, हे काही झालं तरी चुकवू नका. फॉली बीचच्या रस्त्यावर आहे, १९४६ पासूनचं. आधी बुकिंग नाही, साधारण पाचला उघडतं, तेव्हाच पोचा म्हणजे खाडीवरचा सूर्यास्त मिळेल. थंडीच्या दिवसांत जाताय म्हणून कालवं मिळतील, ओल्या गोणपाटाखाली वाफवलेली, घोसच्या घोस, फावड्याने आणून टेबलावर ओततात आणि आपण सुरीने उघडत बसायचं. हात कापतो, दिलेलं फडकं वापरा. आईंना तिथे हश पपीज (मक्याच्या पिठाची तळलेली भजी) आणि फ्राइज एवढंच, तेही तळणीचं तेल वेगळं आहे का विचारून, म्हणून त्यांना निघायच्या आधी पोटभर खाऊ घाला. रविवार-सोमवार बंद असतं त्यामुळे 'उद्या बघू' करू नका.

रविवारी सकाळी ब्रंचच्या रांगेत उभं राहायचं नाही. आम्ही एकदा पाऊण तास म्हणत म्हणत दोन तास उभे होतो, मूल झोपलं, बायको बोलेना. त्यापेक्षा किंग स्ट्रीटच्या वरच्या भागात कॅलीज हॉट लिटल बिस्किट, हातात घ्या, चालत चालत खा. (बिस्किट म्हणजे पार्ले-जी नाही, मऊ लोणीदार पाव, हे बाबांना आधी सांगा.) मग सिटी मार्केटमध्ये बेने वेफर्स घ्या, पातळ कुरकुरीत, तीळ आणि ब्राऊन शुगर, आमच्याकडे संक्रांतीला तिळगुळाच्या वड्यांबरोबर हेच ठेवतो. प्रालीनच्या (साखर आणि पिकॅनच्या मिठाईच्या) दुकानांबाहेर सँपल देतात, मुलीचा अर्धा नाश्ता तिथे होईल. कॅरोलायना गोल्ड तांदळाची छोटी पिशवी पण घ्या, महाग आहे, वास आंबेमोहोरासारखा नाही, पण मऊ भात तुपाबरोबर छान लागतो.

आणि रविवारच्या दुपारच्या जेवणाला मी काहीच सुचवत नाही, कारण परतताना गॅस स्टेशनवर 'बॉइल्ड पीनट्स'ची हाताने लिहिलेली पाटी दिसेल तिथे थांबायचंय. उकडलेल्या शेंगा, मिठाच्या पाण्यातल्या, गरम. साऊथ कॅरोलायनाने २००६ मध्ये त्याला कायद्याने स्टेट स्नॅक केलंय. साध्याच मागा, केजन नको, मुलीला तिखट होतील. आईबाबा दोघंही खातील आणि टरफलांसाठी मागच्या सीटवर एक रिकामी पिशवी ठेवा, आमच्या गाडीत अजून सापडतात.