कंपन्या जोखण्याची नोकरी

उदगीरहून एका पालकांचे पत्र आले आहे. मोंढ्यात त्यांचे आडतीचे दुकान आहे आणि कन्या नांदेडला संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकते. तिच्या हाती कामाच्या प्रस्तावाची दोन पत्रे आली आहेत. पहिले एका मोठ्या आयटी सेवा कंपनीचे आहे. पगार वर्षाला ३ लाख ६० हजार, परंतु रुजू होण्याची तारीख दिलेली नाही. दुसरे पुण्यातील एका छोट्या संशोधन संस्थेचे आहे. सहा महिन्यांची इंटर्नशिप, महिन्याला १८ हजार रुपये, आणि काम आयटी सेवा व आउटसोर्सिंग पुरवणाऱ्या कंपन्यांची कामगिरी आणि धोरण जोखण्याचे. पालक विचारतात, "चार वर्षे प्रोग्रामिंग शिकून मुलीने दुसऱ्यांच्या कामाची मापे काढत बसायचे, ही नोकरी कशी म्हणावी?" मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचे इंग्रजी या कामाला पुरेल का, ही काळजीही त्यांनी कळवली आहे.

स. न. वि. वि.

आपण रागाने लिहिलेला 'मापे काढणे' हा शब्दच या कामाला सर्वांत जवळचा आहे. बाजार समितीतला मापाडी आठवा. माल त्याचा नसतो, पैसाही त्याचा नसतो, तरी त्याच्या काट्यावाचून सौदा पुरा होत नाही. परदेशातील एखादी बँक आपली संगणक-यंत्रणा पाच-सात वर्षांसाठी बाहेरच्या कंपनीकडे सोपवते, तेव्हा समोर आलेल्या चार-पाच कंपन्यांपैकी कोणाच्या शब्दावर विसंबावे, हे सांगणारा माणूस तिला लागतो. गार्टनर, फॉरेस्टर, एव्हरेस्ट ग्रुप, आयएसजी या संस्था हेच काम करतात. गार्टनरची 'मॅजिक क्वाड्रंट' नावाची चार खणांची आकृती प्रसिद्ध आहे. त्यात आपण कोणत्या खणात बसलो, याकडे पुरवठादार कंपन्यांचे बारीक लक्ष असते. शेअर दलालीच्या पेढ्यांमध्ये हेच काम गुंतवणूकदारांसाठी चालते. मोठ्या ग्राहक कंपन्यांमध्ये, आणि परदेशी कंपन्यांच्या पुण्यातील केंद्रांमध्येही, पुरवठादारांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र विभाग असतो. तेव्हा नोकरी खरी आहे, याबद्दल निश्चिंत असावे.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते एका उदाहरणावरून सांगतो. इन्फोसिसचे २०२३-२४ हे आर्थिक वर्ष घ्या. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने त्या वर्षी महसूल ४ ते ७ टक्के वाढेल, असा अंदाज दिला. जुलैमध्ये तो १ ते ३.५ टक्क्यांवर आणला, आणि वर्षअखेर प्रत्यक्ष वाढ १.४ टक्के झाली. ही वाढ स्थिर चलनात, म्हणजे विनिमयदरातला चढउतार वगळून मोजलेली आहे. रुपया घसरला की डॉलरमधली तेवढीच कमाई रुपयांत फुगलेली दिसते, म्हणून केवळ रुपयांतील वाढीवर विश्वास ठेवू नये. आता त्याच वर्षी कंपनीने मिळवलेल्या मोठ्या कंत्राटांचे एकूण मूल्य पाहा : १७.७ अब्ज डॉलर, तोवरचे सर्वाधिक. त्याच वर्षी कर्मचारीसंख्या मात्र २५,९९४ ने घटून ३,१७,२४० वर आली. कंत्राटे विक्रमी, वाढ जेमतेम आणि माणसे कमी, हे तिन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, या प्रश्नाचे उत्तर शोधणे हेच आपल्या कन्येचे काम असेल.

उत्तराचा काही भाग असा आहे. कंत्राटाचे मूल्य अनेक वर्षांत विभागून वसूल होते. त्या १७.७ अब्जांपैकी निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम निव्वळ नव्या कामाची होती. उरलेल्या रकमेत जुन्या कामाचे नूतनीकरण होते. शिवाय खर्च वाचवण्यासाठी दिलेली मोठी कंत्राटे येत असताना तेच ग्राहक दुसरीकडे छोटी, ऐच्छिक कामे थांबवत होते. शेतात किती पेरले यावरून मोंढ्यात किती येईल हे कोणी ठरवत नाही. कंत्राटमूल्य आणि महसूल यांच्यातही तेवढेच अंतर असते.

माणसे का घटली, याचा धागा थेट पहिल्या पत्रातील न दिलेल्या तारखेपर्यंत येतो. कंपनीतील शंभर अभियंत्यांपैकी ग्राहकाला बिल लावता येईल अशा कामावर किती जण आहेत, या प्रमाणाला युटिलायझेशन म्हणतात. उरलेले बेंचवर, म्हणजे कामाची वाट पाहत असतात. मागणी मंदावली की कंपनी आधी बेंच वापरून घेते. ७८ चे ८४ झाले की नव्या मुलांना बोलावण्याची घाई उरत नाही. दुसरा आकडा नोकरी सोडणाऱ्यांच्या प्रमाणाचा, म्हणजे ॲट्रिशनचा. टीसीएसमध्ये तो सप्टेंबर २०२२ च्या तिमाहीत २१.५ टक्के होता आणि मार्च २०२४ पर्यंत १२.५ टक्क्यांवर उतरला. भागधारकांना ही बातमी चांगली वाटते. दाराशी उभ्या असलेल्या पदवीधराला मात्र तिचा अर्थ एवढाच, की आतली माणसे जागा सोडत नाहीत. त्या २०२३-२४ मध्ये टीसीएसची कर्मचारीसंख्याही १३,२४९ ने घटली होती. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याने असे पत्र कपाटात जपून चौदा महिने वाट पाहिली आणि त्या काळात दुसरे काहीच केले नाही. त्याची चूक वाट पाहण्यात नव्हती, रिकामे बसण्यात होती. आपल्या कन्येने तिच्या कंपनीच्या मागील चार तिमाहींतील हे दोन आकडे आणि कर्मचारीसंख्या पाहिली, तर तारीख लवकर येण्याचा संभव किती, याचा अंदाज माझ्यापेक्षा तिलाच चांगला बांधता येईल.

आता मापाड्याच्या गोष्टीतला अवघड भाग. तोलाई, म्हणजे मापाड्याची मजुरी, कोणाच्या पट्टीतून कापली जाते, यावरून मोंढ्यात किती वाद होतात, ते आपण जाणता. या व्यवसायातही तोच पेच आहे. ज्या कंपन्यांना जोखायचे, त्यांपैकी अनेक त्याच संशोधन संस्थेच्या वर्गणीदार असतात आणि चांगला अहवाल आला की तो छापून वाटण्याचा परवाना विकत घेतात. म्हणून प्रत्येक अहवाल विकाऊ ठरत नाही, परंतु पुण्याच्या संस्थेचे उत्पन्न ग्राहक कंपन्यांकडून येते की पुरवठादारांकडून, हा प्रश्न मुलीने मुलाखतीत सभ्य शब्दांत विचारलाच पाहिजे. पुरस्कारांवर तर मुळीच जाऊ नये. सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला, आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदातील रोख शिल्लक ५,०४० कोटी रुपयांनी फुगवलेली आहे, आणि एका तिमाहीत महसुलाच्या २४ टक्के म्हणून दाखवलेला नफा खरे तर ३ टक्केच होता.

माझे मत विचाराल, तर एरवी मी आधी दोन वर्षे प्रत्यक्ष प्रकल्पावर काम करण्याचा सल्ला देतो. रात्री दोनला बंद पडलेली यंत्रणा ज्याने ग्राहकाच्या फोनवर सुरू करून दिली आहे, त्याच्या मूल्यमापनाला वेगळे वजन असते. येथे मात्र त्या दोन वर्षांची सुरुवातच कधी होणार, हे कोणी सांगत नाही. म्हणून इंटर्नशिप स्वीकारावी आणि पहिले पत्रही जपून ठेवावे, असे मला वाटते. दोन्हीकडचे बाँड व अटी तेवढ्या नीट वाचाव्यात. इंटर्नला स्वतः लिहायला मिळते की सहा महिने एक्सेलचे रकानेच भरावे लागतात, हेही विचारून घ्यावे. शेअर घ्या किंवा विका असा सल्ला देणाऱ्या शाखेकडे ती पुढे वळली, तर शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिची २०१४ ची नियमावली आणि सेबीच्याच एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची रिसर्च ॲनालिस्ट परीक्षा आड येईल; ग्राहक कंपन्यांसाठी पुरवठादार जोखण्याच्या कामाला ती अट नाही.

पत्रातील इंग्रजीची काळजी मात्र रास्त आहे. हे काम निम्मे वाचनाचे आणि निम्मे लेखनाचे आहे, आणि ते लेखन इंग्रजीत होते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ते जमत नाही हे खोटे आहे. सरावाशिवाय जमते, असे म्हणणेही तितकेच खोटे.

म्हणून उत्तर कळवण्यापूर्वी मुलीने एक काम करावे. दोन कंपन्या निवडाव्यात. त्यांतली एक तिला पत्र दिलेली असावी. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तिमाही निकाल जाहीर करावे लागतात आणि त्यानंतरच्या विश्लेषकांच्या बैठकीचा शब्दशः वृत्तान्तही संकेतस्थळावर ठेवावा लागतो. तो फुकट मिळतो. चार तिमाहींचे वृत्तान्त छापून घ्यावेत आणि विश्लेषकाने आकडा विचारला, पण उत्तरात आकडा आला नाही, अशा प्रत्येक जागी पेन्सिलीने खूण करावी. मग कोणत्या कंपनीला ती काम देईल आणि का, हे दोन पानांत इंग्रजीत लिहावे. ती पाने मला पाठवावीत. खुणा करताना तिला कंटाळा आला, तर तेही प्रामाणिकपणे लिहावे, कारण मग माझा सल्ला बदलेल. पुण्याला उत्तर देण्याची मुदत आपण कळवलेली नाही. ती पंधरा दिवसांहून कमी असेल, तर एकच कंपनी पुरे.